एरलुलीच्या वामी

कैमाऊचं बाप्तिस्म्याचं नाव वेगळं होतं, पण ते फक्त चर्चच्या वहीत. गावात लहानथोर सगळे त्याला अवो कैमाऊ म्हणायचे, म्हणजे कैमाऊ आजोबा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो जेमतेम पन्नाशीचा असेल, पण तेव्हाही तो अवोच होता. मी मूळची किनाऱ्याकडची. तिमोर स्वतंत्र झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी या डोंगरातल्या शाळेवर मेस्त्रा म्हणून आले, इथल्याच माणसाशी लग्न केलं आणि इथलीच झाले.

गावात आले त्याच आठवड्यात मी एरलुलीवर पाणी आणायला गेले. एरलुली हा आमच्या वरच्या रानातला झरा. मोठ्या वडाच्या मुळांखालून पाणी उमळतं, खाली एक डोह होतो आणि डोहातून ओहोळ गावाकडे येतो. माझ्या बादलीत कपडे होते, वर साबणाची वडी. डोहाच्या काठी दगडावर एक काटकुळा माणूस पान चघळत बसला होता. त्यानं आधी वडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मेस्त्रा, साबण घरी ठेवून ये," तो म्हणाला. "इथं राहतात त्यांना तो सोसत नाही."

इथं कोण राहतं, असं मी विचारलं. त्यानं कमरेच्या पिशवीतून उकडलेल्या साबुकंदाचा तुकडा काढून पाण्यात धरला. मुळांच्या सांदीतून एक डोकं बाहेर आलं आणि त्यामागून माझ्या मनगटापेक्षा जाड, काळसर, लांबच लांब अंग सरकत आलं. वाम होती. तिनं तुकडा त्याच्या बोटांतून अलगद घेतला आणि आली तशी आत गेली. मग दुसरी आली. मी बादली घेऊन चार पावलं मागे सरले होते. कैमाऊ हसला नाही. ही मोठी सगळ्यांत जुनी, तिला उजव्या डोळ्यानं दिसत नाही, ही दुसरी हावरी, आणि एक लाजरी आहे ती तू गेल्यावर येईल, एवढंच त्यानं सांगितलं.

एरलुलीच्या वामी लुलिक आहेत, म्हणजे पूर्वजांच्या, हात न लावायच्या. त्यांची आणि झऱ्याची राखण कैमाऊच्या घराण्याकडे होती. त्याचा बाप राखणदार, आजा राखणदार. पण मधली चोवीस वर्षं बाहेरच्या सैन्याचा अंमल होता. त्या काळात वरच्या रानातलं चंदन गेलं, मोठी झाडं गेली आणि रानाला बंदी घालायची आमची रीत बंद पडली. या रितीला आम्ही ताराबांदू म्हणतो. सगळं गाव जमतं, जनावर कापलं जातं, खांबाला पानं आणि शिंगं टांगतात आणि काय तोडायचं नाही, काय मारायचं नाही हे मोठ्यानं सांगितलं जातं. मग ते मोडायची कुणाची छाती होत नाही. स्वातंत्र्यानंतर ही रीत पुन्हा सुरू करा म्हणून दारोदार फिरला तो कैमाऊ. तोवर झऱ्याचं पाणी मनगटाएवढ्या धारेवर आलं होतं.

त्यानं दुसरंही एक काम केलं. उंबर आणि वडाच्या जातीची रोपं खालच्या खोऱ्यातून पाठीवर आणून त्यानं झऱ्याच्या वरच्या उतारावर लावली. बकऱ्यांसाठी काटेरी कुंपण घातलं. कुंपण मोडलं की पुन्हा घातलं. बकऱ्यांचे मालक त्याला चिडवायचे, म्हणायचे, अवो, तुझी झाडं वाढेपर्यंत आमची हाडं मातीत जातील. तो म्हणायचा, जाऊ देत, खत होईल. दहाएक वर्षांत ती धार मांडीएवढी झाली. उंबरं धरायला लागली तशी हिरवी कबुतरं आली, फळं खायला उदमांजर आलं, आणि एका वर्षी पिवळ्या तुऱ्याच्या काकाकुव्यांची जोडी मेलेल्या झाडाच्या ढोलीत राहायला आली. त्या दिवशी तो शाळेत आला आणि वर्गाच्या दारात उभा राहून मला म्हणाला, पोरांना घेऊन चल. गणिताचा तास होता. मी पोरांना घेऊन गेले.

पुढे दर शुक्रवारी आम्ही जाऊ लागलो. तो पोरांना काही शिकवायचा नाही, नुसतं काठावर बसवायचा. सुरुवातीला पोरं चुळबुळायची, एकमेकांना चिमटे काढायची. तेव्हा तो हळूच म्हणायचा, "थोडा वेळ गप्प बसलं की रान आपल्याला विसरतं. मग ते आपल्या कामाला लागतं." आणि खरंच तसं व्हायचं. बेडूक पुन्हा बोलायचे. फांदीच्या बेचक्यात गोळा होऊन झोपलेला मेदा, पोटाला पिशवी असलेला तो झाडावरचा सुस्त प्राणी, हळूहळू हात लांब करायचा. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे तास त्या काठावर गेले असं मी म्हटलं तर माझ्या नवऱ्याला राग येणार नाही, कारण तोही असायचा.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. बंदीच्या जेवणात मांसाचा पहिला वाटा राखणदाराचा. कैमाऊ तो हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि शेजारच्याला द्यायचा. कधी खाल्ला नाही. लोक म्हणायचे, केवढा सोवळा माणूस. त्याची बायको औरेलिया त्या वेळी मुद्दाम भांड्यांकडे बघत असायची. एकदा मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्यालाच विचार. मी विचारून थकले."

हे असंच चाललं असतं. पण एका वर्षी भर उन्हाळ्यात, सकाळी पाण्याला गेलेल्या बाया रिकामे डबे घेऊन परत आल्या. त्यांतली एक माझ्या दाराशी आली आणि म्हणाली, मेस्त्रा, डोहात सगळं पांढरं पांढरं दिसतंय.

मी गेले तेव्हा कैमाऊ कमरेएवढ्या पाण्यात होता. वामी पोट वर करून तरंगत होत्या. तो एकेक उचलून काठावर केळीच्या पानांवर ठेवत होता, दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल ठेवावं तशी. अकरा भरल्या. कोळंबी आणि बेडूक तर मोजायलाच नकोत. उजव्या डोळ्यानं न दिसणारी ती जुनी वाम शेवटी मुळांच्या आत सापडली. तिला ओढून काढायला त्याला बराच वेळ लागला आणि कुणाला त्यानं मदत करू दिली नाही.

वरच्या कपारीत तांदळाचं जुनं पोतं अडकलं होतं, त्यात कुटलेली विषारी मुळी. पोतं कुणाचं ते गावानं लगेच ओळखलं. नातालिनोचं. हा पंचविशीतला तरुण, घरी बायको इल्दा आणि तान्ही पोर. त्यानं नाकारलं नाही. तालुक्याच्या गावात एक माणूस जिवंत वामी घ्यायला आला होता, कुठल्याशा मोठ्या खाणावळीसाठी. नातालिनोनं तीन वामी पिंपात घालून नेल्या होत्या. बाकीच्या मरतील असं त्याच्या डोक्यात नव्हतं. "मला वाटलं, नुसती गुंगी येईल," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

पाच दिवस गाव तासभर खाली उतरून नदीचं पाणी आणत होतं. सहाव्या दिवशी लुलिक घरापुढच्या अंगणात सभा बसली.

आमचा शेफे, म्हणजे गावप्रमुख, जेरेमियास. सरळ आणि ताठ माणूस. आईबाप युद्धात गेलेले, मावशीनं वाढवलेला. दोनदा निवडून आला आणि दोन्ही वेळा कुणाचा एक कोंबडा फुकट घेतला नाही. त्यानं उभं राहून सांगितलं की ही चोरी नाही, ही पूर्वजांची हत्या आहे. नातालिनोला पोलिसांकडे द्यायचं आणि त्याचं घर गावाबाहेर काढायचं, बायकापोरांसकट. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. इल्दा पोरीला छातीशी धरून मागे उभी होती. तिनं काही मागितलं नाही. नातालिनो मातीकडे बघत होता.

शेवटचा शब्द राखणदाराचा. कैमाऊ उठला. त्यानं तोंडातलं पान थुंकून टाकलं आणि हातानं ओठ पुसले.

"याला शिक्षा सांगायच्या आधी माझी सांगा," तो म्हणाला. "मी एरलुलीची वाम मारून खाल्लीय."

एका म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नव्हतं, त्याच्या नातवानं त्याच्या कानात सांगितलं.

मग कैमाऊनं सगळं सांगितलं, काही न सोडता. ज्या वर्षी सैन्याची विमानं आली त्या वर्षीची ती गोष्ट. गाव जळाल्यावर लोक वरच्या रानात लपले होते. कैमाऊचं कुटुंब एरलुलीच्या वरच्या कपारीत चार महिने होतं. सुरुवातीला कडू कंद मिळाले. ते वाहत्या पाण्यात दोन दिवस ठेवून, पुन्हा पुन्हा उकळून खायचे. ते संपल्यावर झाडांचे गाभे. धूर दिसला की विमान यायचं, म्हणून धुकं उतरल्यावरच चूल पेटवायची. त्याचा बाप तिथंच गेला. जाण्याआधी त्यानं कैमाऊचा हात धरून एकच गोष्ट मागितली, वामींना हात लावू नकोस. कैमाऊनं शब्द दिला. त्यानंतर सतराव्या दिवशी त्यानं तो मोडला.

"पोरं रडायची बंद झाली होती," तो म्हणाला. "रडत होती तोवर मी धीर धरला. मग एक सकाळ अशी आली की चारही पोरं गप्प होती. मी खाली उतरलो. तिला बोलवावं लागलं नाही. माझा बाप तिला रोज खाऊ घालायचा, त्यामुळे हात पाण्यात घातल्याबरोबर ती आली. तशीच धरली."

जेरेमियासनं विचारलं, "चार? तुझी तर दोन होती."

"दोन माझी," कैमाऊ म्हणाला. "दोन तू आणि तुझी बहीण. तुमची आई तुम्हाला आमच्या स्वाधीन करून कंद शोधायला गेली होती, ती आलीच नाही. तुझी मावशी पुढे दोन महिन्यांनी भेटली."

जेरेमियास खाली बसला. त्याच्या मागे बाक नव्हता, तो जमिनीवरच बसला.

कैमाऊची थोरली मुलगी बुईलोई तेव्हा चार वर्षांची होती. वामीचं कालवण पिऊन तिसऱ्या दिवशी ती गेली. बाकीची तिघं जगली. एरलुलीनं आपली किंमत घेतली असं कैमाऊनं मनाशी धरलं आणि एवढ्या वर्षांत कुणापाशी तोंड उघडलं नाही. युद्ध संपल्यावर राखण मागायची त्याची लायकी नव्हती, पण दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यानं ती घेतली. "माझी भूक वेगळी होती, याचा लोभ वेगळा," तो म्हणाला. "ते मला कळतं. पण मी लपवलं आणि यानं लपवलं नाही, हेही तुम्ही मोजा."

तेव्हा मागून औरेलिया पुढे आली. सभेत बायका सहसा मागे बसून बोलतात. ती पार मधे येऊन उभी राहिली आणि गावाकडे नाही, नवऱ्याकडे बघून बोलली.

"लोई भुकेनं गेली. मी तिला मांडीवर घेऊन बसले होते, मला माहीत आहे. त्या महिन्यात या डोंगरावर किती पोरं गेली, त्या सगळ्यांच्या बापांनी वाम मारली होती का? तू एका झऱ्यावर एवढा मोठा आळ घेतलास. तो बिचारा पाणी देत राहिला."

मला आजही सांगता येणार नाही की कैमाऊला ते पटलं की नाही.

म्हाताऱ्यांची बैठक दुपार उलटेपर्यंत चालली. अखेर ठरलं ते असं. कैमाऊनं आपली म्हैस द्यायची. त्याच्याकडे एकच होती, ती त्याच संध्याकाळी कापली गेली आणि रक्त वडाच्या मुळांना दिलं गेलं. राखण त्याच्याकडेच ठेवली, कारण सगळ्यात जास्त कसोशीनं ज्यानं राखलं तो तोच होता. नातालिनोनं डुक्कर द्यायचं आणि सात वर्षं झऱ्यावर कैमाऊ सांगेल ते काम करायचं. घर गावातच राहील. पोलिसांचं नाव पुन्हा निघालं नाही. जेरेमियासनं निकाल वाचून दाखवला. सभा उठल्यावर मात्र तो कैमाऊच्या अंगावरून गेला आणि त्यानं मान वळवली नाही.

ते पुढे वर्षभर चाललं. चर्चमध्ये, पाण्यावर, मयताला, जेरेमियास कैमाऊशी एक शब्द बोलला नाही. लोक म्हणायचे, त्याला राग आलाय. मला तो राग वाटत नव्हता. आपल्या अंगात काय आहे हे अचानक कळलेल्या माणसासारखा तो चालायचा.

डोह धुऊन निघाला, पाणी नितळ झालं, पण आत हालचाल नव्हती. शुक्रवारी पोरं काठावर बसायची आणि सवयीनं मुळांच्या सांदीकडे बघत राहायची. कैमाऊनं मला समजावलं की वामी इथं जन्मत नाहीत. त्यांची पिल्लं समुद्रातून येतात, नदीतून, ओहोळातून, ओल्या दगडांवरून चढत. वाट मोकळी असेल तर येतील. मग त्यानं आणि नातालिनोनं ओहोळ पार नदीपर्यंत उतरून पाहिला. कुठे मळ्यासाठी बांध घातला होता तिथं बाजूनं फट ठेवायला मळेवाल्यांची मनधरणी केली, कुठे प्लास्टिक आणि पालापाचोळा तुंबला होता तो काढला. पहिले काही महिने नातालिनो कपाळाला आठ्या घालून काम करायचा. मला एकदा म्हणाला, मेस्त्रा, सात वर्षं म्हणजे माझी पोर शाळेत जाईल तोवर. मी म्हटलं, तिला मीच शिकवणार आहे, काळजी करू नकोस. त्याला हसू आलं.

दुसऱ्या वर्षी कॉफीची तोडणी संपली तेव्हाची गोष्ट. शुक्रवार होता, पोरं नुकतीच घरी गेली होती आणि मी चपला शोधत मागे राहिले होते. जेरेमियास पायवाटेनं वर आला. त्यानं मला पाहिलं, पण मी जावं असं काही दाखवलं नाही. कैमाऊच्या शेजारच्या दगडावर बसला. कैमाऊनं पानसुपारीची पिशवी त्याच्यापुढे सरकवली. दोघांनी विडा लावला, चघळला.

मग जेरेमियास म्हणाला, "मी फार आठवून पाहिलं. चव आठवत नाही. गरम होतं, एवढंच आठवतं."

"गरमच होतं," कैमाऊ म्हणाला. "तू जीभ भाजून घेतलीस. मी फुंकर घालत होतो, तुला दम नव्हता."

"तू खाल्लंस?"

"एक घास. पोरांना एकट्यांना पाप लागू नये म्हणून."

जेरेमियासनं कैमाऊचा हात उचलून आपल्या कपाळाला लावला, मुलगा बापाचा लावतो तसा. मी चपला न घेताच निघाले.

तिसऱ्या वर्षी पावसानंतर नातालिनो पळत शाळेत आला. ओहोळाच्या वरच्या टप्प्यावर ओल्या शेवाळावरून काडीएवढ्या चार-पाच वामी चढत होत्या. अख्खी शाळा तिथं गेली. कैमाऊला तोवर चालवत नव्हतं, छातीचं दुखणं होतं. नातालिनोनं त्याला पाठीवर घेऊन आणलं. तो दगडावर पालथा पडून एका पिल्लाकडे बघत राहिला, ते खाली घसरायचं आणि पुन्हा चढायचं. पोरांना वाटलं होतं तो काहीतरी बोलेल. तो फक्त म्हणाला, मागे सरका, त्यांच्या वाटेवर उभे आहात.

त्या पावसाळ्यानंतरचा उन्हाळा त्यानं पाहिला नाही. त्याला त्याच्या बापाच्या शेजारी पुरलं. बापाची कबर म्हणजे कपारीतल्या दगडांचा एक ढीग. लोईची जागा औरेलियाला नक्की आठवत नव्हती. तिनं हातानं एक भाग दाखवला आणि तिथंही मेणबत्ती लावली.

राखण कुणाकडे जावी यावर गावात बराच खल झाला. मुलगा राजधानीत टॅक्सी चालवतो, तो परत यायचा नाही. नातालिनो सोडून दुसरं कुणी झरा कैमाऊएवढा ओळखत नव्हतं, पण नाव घ्यायला लोक कचरत होते. खुद्द जेरेमियासनं ते नाव घेतलं. त्यावर नातालिनो म्हणाला की त्याची सात वर्षं भरायला अजून बराच अवकाश आहे, शिक्षेच्या माणसाला राखणदार कसं करता? तेव्हा औरेलिया म्हणाली, तोवर मी बघते, पानं कुणीतरी झाडायलाच हवीत.

आता ती सकाळी जाते. नातालिनोची पोर माझ्या वर्गात आहे. परवा बंदीचा नवा खांब रोवला, त्या वेळी मांसाचा पहिला वाटा औरेलियाला दिला. तिनं तो सगळ्यांसमोर सावकाश खाल्ला, हाड बाजूला ठेवलं आणि म्हणाली, मीठ कमी आहे.